संविदा, छापील नमुन्याची

एका पक्षाने आपल्या सर्व ग्राहकांसाठी अगोदरच तयार करून ठेवलेल्या आणि दुसऱ्या पक्षाने जशाच्या तशा पत्करावयाच्या, अन्यथा व्यवहारच सोडून द्यावयाचा, अशा अटींवर होणारी संविदा. तिला प्रमाण-संविदा असेही म्हणतात. आगगाडीचे तिकीट, मालवाहतुकीची बिल्टी, विमापत्र, बँकेतील लॉकरचा करार, धुलाईच्या दुकानाची पावती आणि सदनिका-खरेदीचा करारनामा ही तिची परिचित रूपे होत. संविदेच्या पारंपरिक कल्पनेत दोन पक्ष समोरासमोर बसतात, घासाघीस करतात व एकमताला येतात. छापील नमुन्याच्या संविदेत घासाघीस नसते. बहुतेक वेळा वाचनही नसते. म्हणून तिच्याविषयी कायद्यापुढे दोन वेगळे प्रश्न उभे राहतात. छापलेल्या अटी मुळात संविदेचा भाग झाल्या काय, हा पहिला प्रश्न. आणि झाल्या असल्यास न्यायालयाने त्यांची अंमलबजावणी करावी काय, हा दुसरा. गेल्या दीडशे वर्षांत पहिल्या प्रश्नाकडून दुसऱ्याकडे कायद्याचा कल कसा सरकत गेला, हे ठाणे शहर व त्यातही नौपाड्यासारखी जुनी वस्ती समोर ठेवून पाहणे सोयीचे आहे. कारण या इतिहासातील जवळजवळ प्रत्येक टप्प्याचा कागद तेथील घराघरांत सापडतो.

नौपाडा ही ठाणे स्थानकाच्या पश्चिमेकडील मध्यमवर्गीय वस्ती. गोखले मार्ग व राममारुती मार्ग यांवरील दुकानांची बिले पाहिली, तर तळाशी बारीक अक्षरांत काही ठराविक ओळी आढळतात : ‘चूक भूल द्यावी घ्यावी’, ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’, ‘सर्व वाद ठाणे न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात’. या तीन ओळी एकाच कागदावर असल्या, तरी त्यांची कुळे निराळी आहेत. पहिली ओळ जुन्या हिशेबी परंपरेतील असून तिचे वैशिष्ट्य असे, की ती दोन्ही पक्षांना सारखी लागू पडते. चूक कोणाचीही असो, ती सुधारून घेण्याचा हक्क दोघांनाही राहतो. पुढील दोन ओळी मात्र लिहिणाऱ्याच्याच बाजूच्या आहेत. हा फरक लहान वाटला, तरी छापील संविदेचा सारा वाद त्यातच सामावलेला आहे.

छापखाना येण्यापूर्वीही ठराविक मजकुराचे दस्तऐवज महाराष्ट्रात रूढ होते. सावकाराचा कर्जरोखा हा त्यांतील सर्वांत महत्त्वाचा. त्याचा मजकूर कारकून सांगे व लिही. कुळ त्यावर आपली निशाणी उठवी. ब्रिटिश अमदानीत दिवाणी न्यायालये स्थापन झाल्यावर या कागदाचे बळ एकाएकी वाढले. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जवसुलीच्या दाव्यांना थोडक्या वर्षांची मर्यादा घातली. हेतू ऋणकोचे हित हा होता; प्रत्यक्षात दर काही वर्षांनी व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेण्याची वहिवाट पडली. न्यायालय सही किंवा निशाणी खरी आहे काय एवढेच पाही. रोख्यामागे प्रत्यक्ष किती पैसे दिले गेले, हे पाहत नसे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे दंगल उसळली व ती पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरली. दंगेखोरांचा रोख बहुतांशी रोखे व हुकूमनामे हस्तगत करून जाळण्याकडे होता. माणसांवरील हल्ले तुलनेने थोडे झाले. शेतकऱ्यांना आपला शत्रू कोठे आहे, हे नेमके उमगले होते असे म्हणावे लागते.

या दंगलींच्या चौकशीनंतर १८७९ चा दक्षिणी शेतकरी साहाय्य अधिनियम झाला. आरंभी तो पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांना लागू होता. त्याने न्यायालयाला दोन असाधारण गोष्टी सांगितल्या. पहिली अशी, की कागदावरील मजकुरावर न थांबता व्यवहाराच्या मुळापासूनचा इतिहास तपासावा व त्यावरून खरे देणे ठरवावे. दुसरी अशी, की शेतकऱ्याने करून दिलेला दस्त गावच्या निबंधकासमोर, त्याच्या देखरेखीखाली लिहिलेला असला पाहिजे. सही आहे म्हणून संमती आहे, हे गृहीत कायद्याने येथे प्रथमच बाजूस सारले. मात्र ही सवलत शेतकरी या वर्गापुरती होती. १८७२ चा भारतीय संविदा अधिनियम, जो सर्वांना लागू आहे, त्यात छापील नमुन्याच्या संविदेविषयी एकही कलम नव्हते आणि आजही नाही. स्वतंत्र संमती, अनुचित प्रभाव (कलम १६), विधिबाह्य उद्देश व लोकनीती (कलम २३), न्यायालयात जाण्यास प्रतिबंध (कलम २८) आणि ठरीव नुकसानभरपाई (कलम ७४) या सर्वसाधारण तरतुदींवरच न्यायालयांना काम भागवावे लागले आहे.

वाहतूक व तिकिटे : १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही सु. ३४ किमी. अंतराची पहिली प्रवासी आगगाडी धावली आणि त्याबरोबर ठाणेकरांच्या हाती छापील अटींचा एक नवा कागद आला. रेल्वेच्या खिडकीशी घासाघीस शक्य नसते. हजारो प्रवासी व गाठोडी रोज हलविणाऱ्या संस्थेला प्रत्येकाशी वेगळा करार करणेही अशक्य असते. छापील नमुना ही केवळ लबाडी नसून मोठ्या प्रमाणावरील व्यवहाराची गरज आहे, हे येथे मान्य केले पाहिजे. प्रश्न उरतो तो त्या सोयीआडून दायित्व किती झटकता यावे हा.

भारतातील विधिमंडळाने या प्रश्नाची दखल घेतली. १८६५ च्या वाहक अधिनियमानुसार वाहकास आपले दायित्व मर्यादित करावयाचे असल्यास मालाच्या मालकाची सही असलेली विशेष संविदा आवश्यक ठरली. आणि तशी ती असली, तरी वाहकाच्या अथवा त्याच्या नोकरांच्या हयगयीमुळे वा गुन्ह्यामुळे झालेल्या हानीची जबाबदारी कायम राहिली. नुसती पाटी लावून किंवा पावतीमागे मजकूर छापून भागेना. १८९० च्या रेल्वे अधिनियमाने त्याच धर्तीवर असे ठरविले, की रेल्वेचे दायित्व कमी करणारा करार लेखी, प्रेषकाने सही केलेला आणि सरकारने मंजूर केलेल्या नमुन्यातच असला पाहिजे.

यातून ‘रिस्क नोट’ या नावाने ओळखले जाणारे नमुने निघाले. त्यांची रचना समजून घेण्यासारखी आहे. मालाला दोन दर असत : रेल्वेच्या जोखमीचा चढा दर आणि मालकाच्या जोखमीचा उतरता दर. स्वस्त दर निवडणारा प्रेषक रिस्क नोटवर सही करी. तिच्या एका नमुन्यानुसार सबंध माल किंवा त्यातील एखादा सबंध नग हरवला आणि तो रेल्वेच्या नोकरांच्या चोरीमुळे किंवा हेतुपुरस्सर हयगयीमुळे हरवला, असे सिद्ध झाले तरच भरपाई मिळे. वाटेत माल रेल्वेच्याच ताब्यात. तेथे काय घडले, हे सिद्ध करावयाचे मात्र प्रेषकाने. दोन दरांमुळे प्रेषकाला निवड होती हे खरे. पण ती निवड करताना आपण काय सोडून देत आहोत, हे त्याला उमगत असेल असे मानणे कठीण आहे. १९६१ च्या दुरुस्तीने रेल्वेवर सामान्य वाहकाची कडक जबाबदारी टाकण्यात आली. १८६५ च्या अधिनियमाची जागा पुढे २००७ च्या रस्तेवाहतूक अधिनियमाने घेतली.

तिकिटांविषयीचे तत्त्व इंग्लंडमधून आले. १८७५ मधील एका खटल्यात प्रवाशाच्या तिकिटाच्या दर्शनी बाजूवर केवळ प्रवासाची दोन ठिकाणे होती व अटी मागे छापल्या होत्या. मागे पाहण्याची सूचना पुढे नसल्याने त्या अटी प्रवाशावर बंधनकारक नाहीत, असे ठरले. १८७७ मध्ये पार्कर विरुद्ध साउथ ईस्टर्न रेल्वे या सुप्रसिद्ध खटल्यात लंडनच्या चेरिंगक्रॉस स्थानकावर ठेवलेली पिशवी हरवली. पावतीवर दहा पौंडांची मर्यादा होती आणि पुढील बाजूस ‘मागे पहा’ असे होते. ग्राहकाने अट वाचली काय, यापेक्षा ती त्याच्या लक्षात आणून देण्यासाठी व्यावसायिकाने वाजवी ते सर्व केले काय, ही कसोटी या निर्णयाने घालून दिली. सूचना व्यवहार होण्यापूर्वी किंवा होताना दिली पाहिजे. खोली घेतल्यावर भिंतीवर वाचावयास मिळणारी हॉटेलची अट उशिरा आलेली असते, हे १९४९ मध्ये स्पष्ट झाले. सही केलेल्या कागदाला मात्र या कसोट्या लागू नाहीत. १९३४ च्या एका खटल्यात सिगारेट विकणारे यंत्र घेणाऱ्या बाईंनी तपकिरी कागदावरील अतिशय बारीक अक्षरांतील करारावर सही केली होती. यंत्र बिघडले, पण सही होती, म्हणून अटी बंधनकारक ठरल्या. भारतीय न्यायालयांनीही सर्वसाधारणपणे हीच वाट धरली आहे. छापील नमुन्यावर सही करणारा त्याने बांधला जातो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये विजेच्या पुरवठ्याच्या एका करारासंबंधी सांगितले. आणि १९९६ मध्ये कुरियर कंपनीच्या सही केलेल्या बिल्टीवरील दायित्वाची मर्यादा मान्य केली.

सही नसलेल्या पावतीची गोष्ट वेगळी. धुलाईसाठी दिलेली साडी हरवली, तर तिच्या बाजारभावाच्या शेकडा १५ एवढीच भरपाई मिळेल, अशी छापील अट १९६६ मध्ये नोंदल्या गेलेल्या एका निर्णयात मद्रास उच्च न्यायालयाने लोकनीतीविरुद्ध म्हणून नाकारली. अशी अट मान्य केली, तर दुकानदाराला नवी साडी स्वतःकडे ठेवून घेणेच फायद्याचे पडेल, हा त्यामागील युक्तिवाद कोणत्याही गृहिणीला सहज पटेल. मुंबई उच्च न्यायालयाचा या विषयावरील निर्णय १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. धुलाईच्या किंवा तत्सम दुकानाच्या पावतीमागे छापलेल्या अटी, त्यांवर ग्राहकाची सही नसताना, केवळ पावती घेतली एवढ्याने त्याने मान्य केल्या असे होत नाही, हे त्यात सांगितले आहे. पावती ही वस्तू ओळखून परत मिळविण्याची खूण आहे. ती करारपत्र आहे असे सामान्य माणूस समजत नाही. नौपाड्यातील एखाद्या दुकानदाराला आपल्या अटी खरोखर टिकाव्यात असे वाटत असेल, तर त्याने त्या पावतीच्या दर्शनी बाजूवर, ग्राहकाच्या भाषेत, कपडे स्वीकारण्यापूर्वी दाखवाव्यात, असामान्य अट ठळक करावी आणि सही घ्यावी. एवढे करूनही अट अतिरेकी असेल तर ती टिकण्याची हमी नाही.

अधिकारक्षेत्राची ओळ : बिलावरील ‘मुंबई न्यायालयाच्या अधीन’ किंवा ‘ठाणे न्यायालयाच्या अधीन’ ही ओळ निरुपद्रवी दिसते, पण परगावच्या ग्राहकाला दावा करणेच परवडू नये, एवढे सामर्थ्य तिच्यात असते. १९७१ मध्ये हकमसिंग विरुद्ध गॅमन (इंडिया) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तिची मर्यादा आखली. ज्या न्यायालयाला मुळात अधिकारिताच नाही, तिला ती पक्षकार बहाल करू शकत नाहीत. परंतु दोन न्यायालयांना अधिकारिता असेल, तर त्यांपैकी एक निवडण्याचा करार वैध आहे व तो कलम २८ चा भंग करीत नाही. कंपनीचे मुख्य कार्यालय मुंबईत असल्यामुळे तेथील न्यायालय निवडणे ग्राह्य ठरले. वीस वर्षांनी, १९९१ मध्ये, मुंबईतील मुख्य कार्यालयाच्या एका मालवाहतूक कंपनीने तमिळनाडूतील दाव्यांना याच ओळीचा आधार घेतला. माल तेथील शाखेत सोपविला होता व वादाचे कारणही तेथेच घडले होते. अशा वेळी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २० प्रमाणे कंपनी शाखेच्या ठिकाणी व्यवसाय करते असे धरले जाते, मुख्य कार्यालयाच्या ठिकाणी नव्हे. सबब मुंबईच्या न्यायालयाला अधिकारिताच नव्हती आणि छापील ओळ निरुपयोगी ठरली. अनेक बिलबुके ही ओळ एकमेकांवरून उतरवून घेत छापली जातात, त्यामुळे असे फुसके बार नेहमी उडतात. ग्राहकापुरते पाहता २०१९ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमाने या ओळीचे उरलेसुरले बळही काढून घेतले, कारण तक्रारदाराला आता स्वतः राहतो त्या जिल्ह्यातील आयोगाकडे जाता येते. [⟶ ग्राहक संरक्षण].

न्याय्यतेची कसोटी : अट संविदेचा भाग झाली, तरी ती अन्याय्य म्हणून नाकारावी काय, या दुसऱ्या प्रश्नाला भारतात उशिरा हात घातला गेला. ब्रिटनने १९७७ मध्ये अन्याय्य अटींविषयी स्वतंत्र कायदा केला. भारताच्या विधी आयोगाने १९८४ मधील आपल्या १०३ व्या अहवालात संविदा अधिनियमात तशी तरतूद घालण्याची शिफारस केली. ती अमलात आली नाही. मग न्यायालयाने पाऊल उचलले. १९८६ मध्ये सेंट्रल इनलँड वॉटर ट्रान्सपोर्ट कॉर्पोरेशनच्या खटल्यात कायम नोकराला तीन महिन्यांची सूचना देऊन कारण न सांगता काढून टाकण्याचा नियम सर्वोच्च न्यायालयाने कलम २३ खाली शून्य ठरविला. सौदाशक्ती अत्यंत विषम असलेल्या पक्षांतील, ठिपक्यांच्या ओळीवर सही करण्यावाचून गत्यंतर नसलेल्या संविदेला हे तत्त्व लागू होईल. दोन व्यापाऱ्यांमधील व्यापारी व्यवहाराला ते लागू होईलच असे नाही, असा भेदही न्यायालयाने केला. हा भेद व्यवहारात मोलाचा आहे. घाऊक विक्रेत्याने किरकोळ विक्रेत्यावर लादलेल्या अटी आजही पुष्कळदा तशाच टिकतात.

१९८६ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमात अन्याय्य संविदेची व्याख्या नव्हती. २० जुलै २०२० रोजी बहुतांशी अमलात आलेल्या २०१९ च्या अधिनियमात ती आली. अवाजवी अनामत, नुकसानीच्या मानाने अतिरिक्त दंड, कर्जाची मुदतपूर्व फेड नाकारणे, कारणाशिवाय एकतर्फी संविदा संपविणे, संमतीशिवाय ग्राहकाच्या अहिताचे हस्तांतर आणि ग्राहकाला तोट्यात ढकलणारा अवाजवी बोजा हे तिचे प्रकार होत. राज्य व राष्ट्रीय आयोगांना अशा अटी शून्य ठरविता येतात. जिल्हा आयोगाला हा अधिकार दिलेला नाही. ठाण्याच्या रहिवाशाला सदोष पंख्याची तक्रार ठाण्यात करता येते; पण पंख्याच्या विक्रीची अटच अन्याय्य आहे, हे सांगण्यासाठी मुंबईतील राज्य आयोगाकडे जावे लागते. ज्या छापील अटींचा उपद्रव सर्वांत लहान ग्राहकाला होतो, त्याच्यासाठीच हे दार दूर ठेवले गेले आहे.

२०१९ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने हॉटेलातील ‘वाहन मालकाच्या जोखमीवर’ ही पाटी तपासली. गाडीची किल्ली हॉटेलच्या नोकराकडे सोपविली असता हॉटेल निक्षेपग्राही होते आणि स्वतःच्या हयगयीचे दायित्व अशा पाटीने टाळता येत नाही, असे ठरले. बँकांच्या लॉकरविषयी २०२१ मधील निर्णयात असेच सांगितले गेले : एकतर्फी करार करून बँकेने हात झटकू नयेत. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने सहकारी बँकांसह सर्व बँकांना करारात अन्याय्य अटी न घालण्याचे आदेश दिले आणि आग, चोरी, इमारत कोसळणे किंवा नोकराची अफरातफर यांमुळे लॉकरमधील वस्तू गेल्यास वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपर्यंत दायित्व ठरविले. हे आदेश १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. पिढीजात दागिने सहकारी बँकेच्या लॉकरमध्ये ठेवणाऱ्या नौपाड्यातील कुटुंबांना पुढे नव्या करारावर सही करण्यासाठी बोलावणी आली, ती यामुळे.

संगणकाच्या पडद्यावरील ‘मला मान्य आहे’ या चौकटीने जुनाच प्रश्न नव्या वेषात आणला. माहिती तंत्रज्ञान अधिनियमातील कलम १०क प्रमाणे संविदा केवळ इलेक्ट्रॉनिक रीतीने झाली म्हणून अंमलबजावणीस अपात्र ठरत नाही. मात्र पार्कर खटल्याची कसोटी येथेही सुटलेली नाही : खूण करण्यापूर्वी अटी समोर होत्या काय, की त्या कोठेतरी दूरच्या दुव्यामागे होत्या? भाषेचा मुद्दा कायद्याच्या अक्षरात आला, तो २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमात. त्यानुसार संमतीची सूचना इंग्रजीत किंवा संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचण्याचा पर्याय देण्याची तरतूद आहे.

सदनिकेचा करारनामा : वरील दोन्ही मार्गांत, सूचनेच्या व न्याय्यतेच्या, नमुना व्यावसायिक लिहितो आणि न्यायालय तो मागाहून तपासते. तिसरा मार्ग असा, की नमुना राज्यानेच लिहून द्यावा. तो महाराष्ट्राने १९६३ मध्ये चोखाळला आणि छापील संविदेच्या इतिहासातील महाराष्ट्राचे हे खरे कार्य होय.

१९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठल्यावर भाड्यासाठी इमारती बांधणे परवडेनासे झाले आणि मालकी तत्त्वावर सदनिका विकण्याची पद्धत मुंबईत व मागोमाग ठाण्यात रुळली. नौपाड्यातील बंगल्यांच्या व वाड्यांच्या जागी इमारती उठू लागल्या. घेणारा बहुधा नोकरदार. भविष्यनिर्वाह निधी, दागिने व नातलगांची उसनवारी एकत्र करून तो पैसे भरी. त्याला मिळे तो एक टंकलिखित करार. इमारत केव्हा पुरी होईल, नकाशा बदलेल काय, जमिनीचा हक्क कोणाचा, सोसायटी होणार की नाही, याविषयी तो गप्प असे किंवा सारे प्रवर्तकाच्या मर्जीवर सोडी. तक्रारी इतक्या वाढल्या, की राज्य सरकारने १९६० मध्ये चौकशी समिती नेमली. तिचा अहवाल १९६१ मध्ये आला व त्यावरून महाराष्ट्र मालकी सदनिका अधिनियम १९६३ मध्ये झाला; सामान्यतः तो ‘मोफा’ या नावाने ओळखला जातो.

मोफाने प्रवर्तकाला जमिनीचा हक्क, नकाशे व सोयी उघड करण्यास बांधले. लेखी करार करून तो नोंदविण्यापूर्वी किमतीच्या शेकडा २० हून अधिक रक्कम घेण्यास मनाई केली. नकाशा दाखविल्यानंतर घेणाऱ्याच्या संमतीशिवाय बदल करता येईना. सहकारी संस्था स्थापून तिच्या नावे अभिहस्तांतरण करणे कर्तव्य ठरले. नियमांसोबत ‘नमुना पाच’ या नावाचा आदर्श करारनामा देण्यात आला. १९८३ च्या दुरुस्तीने करारात काय असलेच पाहिजे याची यादी अधिनियमातच घातली, आणि सुधारित नमुन्याच्या टिपेत असे स्पष्ट केले, की परिस्थितीनुसार बाकीचा मजकूर बदलता येईल, पण या अनिवार्य बाबींपासून ढळणारी अट मुळातच शून्य असेल. छापील अट व्यावसायिकाने लिहावी व ग्राहकाने मानावी, हा क्रम येथे उलटला.

प्रवर्तकांनी तरीही वाटा शोधल्या. ‘पुढे होणाऱ्या सर्व बदलांस सदनिकाधारकाची आताच संमती आहे’ असे एक कलम करारात सर्रास येऊ लागले. विशिष्ट बदलाची माहिती न देता घेतलेली अशी सरसकट संमती अधिनियमाला अभिप्रेत संमती नव्हे, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने २०१० मध्ये दिला. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने खांबांवरील तळमजल्यातील वाहनतळाची जागा ही ‘सदनिका’ नसल्याने ती प्रवर्तकाला स्वतंत्रपणे विकता येत नाही, असे ठरविले. सर्वांत चिवट दुखणे अभिहस्तांतरणाचे राहिले. करारात कर्तव्य लिहिलेले असूनही हजारो संस्थांना जमिनीचा हक्क मिळाला नाही. अखेर २००८ च्या दुरुस्तीने प्रवर्तकाच्या सहीशिवाय सक्षम प्राधिकाऱ्यामार्फत मानीव अभिहस्तांतरणाची सोय करावी लागली. राज्याने लिहिलेली अटही आपोआप अमलात येत नाही, याचा हा चाळीस वर्षांचा पुरावा आहे.

२०१६ च्या स्थावर संपदा अधिनियमाने करारापूर्वीच्या रकमेची मर्यादा शेकडा १० वर आणली आणि व्याजाविषयी समानतेचा नियम केला : घेणाऱ्याने उशिरा पैसे भरल्यास जो दर, तोच प्रवर्तकाने उशिरा ताबा दिल्यास. या नियमामागील अनुभव सर्वोच्च न्यायालयाच्या एप्रिल २०१९ मधील एका निर्णयात दिसतो. गुरुग्राम येथील त्या करारात घेणाऱ्याच्या उशिराला शेकडा १८ व्याज होते. प्रवर्तकाच्या उशिराला मात्र दीर्घ प्रतीक्षेनंतर केवळ शेकडा ९. ठिपक्यांच्या ओळीवर सही करण्यावाचून पर्याय नव्हता असे दिसले, तर अशी एकतर्फी अट अंतिम व बंधनकारक मानली जाणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. महाराष्ट्रातील प्राधिकरण १ मे २०१७ पासून कार्यरत आहे. त्याने २०२२ च्या अखेरीस आदर्श करारातील अटळ आपत्ती, दोषदायित्व व अभिहस्तांतरण यांसारखी कलमे अपरिवर्तनीय ठरविली; इतरत्र केलेले फेरबदल मजकुरात उठून दिसतील असे दाखविणे प्रवर्तकावर बंधनकारक केले. १८७७ मध्ये ‘मागे पहा’ एवढ्या दोन शब्दांना जे महत्त्व होते, तेच येथे अधोरेखनाला आले आहे.

नौपाड्यात आता जुन्या इमारतींच्या पुनर्विकासाचे पर्व चालू आहे. येथे छापील संविदेचे चित्र थोडे पालटते, कारण विकासकाशी करार एकटा सदनिकाधारक करीत नाही, संस्था करते. सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९अ खाली राज्य सरकारने ३ जानेवारी २००९ रोजी व पुढे ४ जुलै २०१९ रोजी निर्देश काढले. निविदा, प्रकल्प सल्लागार, सर्वसाधारण सभेचा ठराव व विकासकाची बँक हमी यांविषयी त्यांत तरतुदी आहेत, जरी त्यांतील अनेक मार्गदर्शक स्वरूपाच्या आहेत असे उच्च न्यायालयाने मानले आहे. वीस-पंचवीस कुटुंबे एकत्र बसून विकासकाच्या मसुद्यातील कलमे खोडतात, भाड्याची रक्कम वाढवून घेतात व मुदतीपुढे दंड लिहून घेतात. त्यानंतर प्रत्येक सभासदाला स्वतंत्र पर्यायी जागेचा करार सहीसाठी मिळतो. तो पुन्हा छापील असतो, बहुधा इंग्रजीत असतो, आणि दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातील रांगेत त्याच्या पानापानावर सह्या होत असतात.